आपल्या लाईनीवरचं स्टेशन स्वच्छ करून घ्यायचं कसं

कोल्हापूर-मिरज पट्ट्यात रोज अप-डाऊन करणारे पासवाले, कॉलेजची पोरं, गांधीनगरला कापड खरेदीला येणारे, इचलकरंजीला जायला हातकणंगल्याला उतरणारे, सगळ्यांसाठी हे लिहितोय. आपल्याकडं मुंबईसारखी लोकल नाही, पण वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर ही स्टेशनं आपण लोकलच्या स्टेशनासारखीच वापरतोय, सकाळी जायचं संध्याकाळी यायचं, त्यामुळं तिथली भिंत, बाकडं, नळ, मुतारी रोज डोळ्यासमोर असतंय. कोल्हापूरचं मोठं स्टेशन अमृत भारत योजनेत घेतलंय, तिथनं वंदे भारत सुटते, मोठी माणसं येत्यात जात्यात, तिथं आज ना उद्या काम होतंय. मधल्या स्टेशनांसाठी मात्र बोलणारं कोण नसतंय, आपण सोडून.

आणि ही लाईन कुणा परक्याची नाही बरं का. १८८८ साली शाहू महाराजांच्या हातनं हिचं भूमिपूजन झालं, १८९१ ला गाडी सुरू झाली, आणि पैसा कोल्हापूर संस्थानानं घातलेला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातल्या रयतेच्या पैशातनं झालेली ही गोष्ट आहे. तिच्या भिंतीवर किल्लीनं बदाम कोरलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतंय.

आता पहिली गोष्ट समजून घ्या, कारण सगळं यावरच चालतंय. भिंतीवर एक नाव आलं की आठ-पंधरा दिवसात तिथं दहा नावं येत्यात, एका कोपऱ्यात एकजण थुंकला की तो कोपरा थुंकायचाच होतोय. हे आपण सगळ्यांनी बघितलंय पण नेदरलँडमधल्या ग्रोनिंगन गावात संशोधकांनी ते मोजूनसुद्धा बघितलं, २००८ साली छापून आलंय. सायकली लावायच्या बोळात प्रत्येक सायकलीच्या हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवला, भिंत कोरी होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद खाली टाकला, आणि त्याच भिंतीवर नुसतं काहीतरी खरडलं होतं तेव्हा ६९ टक्के लोकांनी टाकला. बोळ तोच, कागद तसाच, फरक फक्त भिंतीचा. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लिखाण दिसलं की लगेच हलायचं, वर्षातनं एकदा मोठी मोहीम काढून फोटो काढण्यापेक्षा पहिलं नाव चार दिवसात पुसलं जाणं हे जास्त महत्त्वाचं. खाली जे सगळं सांगतोय ते त्यासाठीच आहे.

आधी नीट बघा, मग बोला

"स्टेशन लई घाण आहे" अशी तक्रार केली तर उत्तर येतंय "साफसफाई नियमित केली जाते", विषय संपला. अशी तक्रार कधीच करू नका. गाडीला वेळ असेल तेव्हा प्लॅटफॉर्मच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे एक फेरी मारा आणि एकेक गोष्ट वेगळी बघा.

उदाहरण सांगतो. आमच्या लाईनीवरच्या एका स्टेशनावर नावाची पिवळी पाटी आहे, काळ्या अक्षरात मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्हीत नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना तसली. त्या उंचीच्या ओळीवर बरोबर मधोमध स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा स्टिकर, त्याच्या कडेला कुणीतरी नखानं ओढून अर्धा काढलेला दुसरा, आणि त्या चिकट डागावर धूळ बसून काळा चट्टा. पाटीच्या खांबाला मार्करनं दोन नावं आणि एक तारीख. शेजारच्या स्टीलच्या बाकड्याच्या पाठीवर किल्लीनं ओरखडे, त्यातलं एक नाव इतकं खोल की बोट फिरवलं की लागतंय. बाकड्यामागच्या भिंतीवर खालच्या दोन फुटात गुटख्याच्या पिचकाऱ्या. आणि नळाला तोटी नाही, लाकडाचा गुट्टा ठोकलाय, त्यातनं पाणी गळून खाली शेवाळ. आता एवढ्या पंधरा फुटात वेगवेगळ्या खात्यांची कामं आहेत, हे लक्षात घेतलं नाही तर तक्रार फिरत बसते.

जागा सांगायची एक सोपी युक्ती आहे. आपली लाईन आता इलेक्ट्रिकवर आहे, तारांचे जे खांब आहेत त्या प्रत्येकावर नंबर रंगवलेला असतोय, किलोमीटरचा आकडा आणि त्याच्या जोडीला खांबाचा. तक्रारीत "अमुक नंबरच्या खांबासमोरचं बाकडं" असं लिहिलं की शोधायला येणाऱ्या माणसाला सबब राहत नाही. मिरजेकडचं टोक का कोल्हापूरकडचं, तेही लिहा. फोटो दोन काढा, एक लांबनं म्हणजे आजूबाजूचं ओळखू यावं आणि एक जवळनं. फोटोत माणसं, बायका, शाळेची पोरं येऊ देऊ नका, थोडं थांबा, रिकामं झालं की काढा. आणि हे सगळं प्लॅटफॉर्मवरनंच, रुळात उतरून फोटो काढायचा नाही, तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि जीवाचा धोका आहे तो वेगळाच.

कुणाचं काम कुणाकडं

ढोबळमानानं असं आहे. झाडलोट, डाग, कचरापेटी, मुतारीची सफाई हे साफसफाईचं काम, बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराला दिलेलं. भिंतीचा रंग, फुटलेली फरशी, गळणारं शेड, बाकडं, नळ, ड्रेनेज हे इंजिनिअरिंगचं, जुने लोक याला अजून आयओडब्ल्यूचं म्हणजे इन्स्पेक्टर ऑफ वर्क्सचं काम म्हणत्यात. दिवे आणि पंखे इलेक्ट्रिकलचे. घोषणा आणि इंडिकेटर सिग्नल-टेलिकॉमवाल्यांकडं. कुणी लिहिताना, तोडताना, तोट्या चोरताना दिसला तर आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, आणि मारामारी, छेडछाड, खिसे कापणं हा विषय रेल्वे पोलिसांचा म्हणजे जीआरपीचा. स्टेशनच्या हद्दीबाहेरचा रस्ता आणि कोपऱ्यावरचा उकिरडा असेल तर बऱ्याचदा ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका, तिथं रेल्वेला कितीही लिहिलं तरी काही होत नाही.

हे तुम्हाला पाठ करायची गरज नाही, पण एका तक्रारीत एकच गोष्ट लिहायची हे मात्र पक्कं धरा. नळ, दिवा आणि थुंकी एकाच तक्रारीत घातली तर ज्याच्याकडं पहिली जाते तो आपलं तेवढं करतोय आणि सगळी तक्रार बंद करून टाकतोय. तीन गोष्टी तर तीन तक्रारी. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

रेलमदत आणि १३९

सगळ्यात सोपं म्हणजे रेलमदत, ॲप आहे आणि वेबसाईट पण आहे. लोकांची अडचण कुठं होते तर ॲप उघडलं की ट्रेनची तक्रार का स्टेशनची असं विचारतंय, आपण घाईत ट्रेन निवडतोय, मग ते पीएनआर म्हणजे रिझर्वेशनच्या तिकिटावरचा नंबर मागतंय, पासवाल्याकडं पीएनआर कुठला, म्हणून तिथंच सोडून देतोय. स्टेशन निवडा. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतोय, मग स्टेशनचं नाव, तारीख, तक्रारीचा प्रकार, फोटो आणि खाली मजकूर. लिखाणासाठी नेमका प्रकार दिसला नाही तर स्वच्छता निवडा, मोडतोड असेल तर प्रवासी सुविधांचा प्रकार घ्या. सबमिट केलं की नंबर मिळतोय, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढं सगळं त्या नंबरावर चालतंय.

मजकूर असा लिहा, मराठीत चालतोय:

"प्लॅटफॉर्म १, मिरजेकडचं टोक, नावाच्या पाटीशेजारच्या बाकड्यामागची भिंत. अंदाजे ४ फूट बाय ३ फूट भागात काळ्या मार्करनं लिखाण आहे. दोन फोटो जोडले आहेत. लिखाण काढून तेवढ्या भागाला रंग द्यावा ही विनंती."

बस, एवढंच. संताप, देशाची अवस्था, टॅक्स भरतो वगैरे काही नको. वाचणारा माणूस दिवसात शेकडो तक्रारी बघत असणार, त्याला पुढं पाठवता येईल असं वाक्य द्या. भिंतीवर काय लिहिलंय ते शब्दशः लिहायची गरज नसते, शिवी असेल तर "अश्लील मजकूर" एवढं पुरे.

ज्यांना ॲप जमत नाही, घरातली वडीलधारी माणसं किंवा साधा फोनवाले, त्यांनी १३९ ला फोन करावा, तिथं पण तक्रार नोंदवून घेत्यात. सुरक्षेसाठी पूर्वी १८२ वेगळा होता, २०२१ पासनं तो पण १३९ मध्येच घेतलाय, त्यामुळं एकच नंबर लक्षात ठेवला की झालं. एक्सवर रेल्वेसेवा म्हणून हँडल आहे, पुणे विभागाच्या डीआरएमचं म्हणजे विभागाच्या मुख्य रेल्वे अधिकाऱ्याचं पण आहे, तिथं फोटो टाकला तर उत्तर येतंय. पण नंबर रेलमदतचा घ्याच, पोस्ट आठवड्यानं कुठं वाहून जाते कळत नाही.

स्टेशन मास्तर आणि तक्रार पुस्तिका

स्टेशनवर तक्रार आणि सूचनांची वही असते आणि ती मागायचा आपल्याला हक्क आहे. लिहिल्यावर कार्बनची प्रत मागून घ्या. ऑनलाईन केलेलं असलं तरी महिन्यातनं एखादी नोंद वहीत असू द्या, कारण साहेब तपासणीला आले की ती वही बघत्यात.

एक विनंती आहे. मास्तरशी भांडू नका. आपल्याकडं सिंगल लाईन आहे, क्रॉसिंग लावणं, लाईन क्लिअर घेणं, सिग्नल, हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यावर असतंय, भिंत रंगवायचे पैसे आणि माणसं त्याच्या हातात नसत्यात. गाडी यायच्या वेळी खिडकीत जाऊन उभं राहू नका, गाडी गेल्यावर जावा, नाव सांगा, रोजचा प्रवासी आहे म्हणा, फोटो दाखवा. बहुतेक मास्तरांनासुद्धा ते लिखाण खुपत असतंय, कारण त्यांना आठ आठ तास तिथंच बसायचं असतंय. त्यांनी आतनं कंट्रोलला किंवा इंजिनिअरिंगला एक मेसेज टाकला आणि तुमची तक्रार पण आली तर काम पुढं सरकतंय, हे मी बघितलंय.

तक्रार बंद झाली पण काम नाही झालं

हे होणार, मनाची तयारी ठेवा. मेसेज येतोय "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" आणि भिंत आहे तशीच. इथं नव्वद टक्के लोक कंटाळून सोडून देत्यात आणि इथंच खरं काम असतंय. पहिलं म्हणजे फीडबॅक मागितला की असमाधानी म्हणून द्या, गप्प बसू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरनं, त्याच अँगलनं फोटो काढा आणि नवी तक्रार करा, मजकुरात जुना नंबर घालून "ही तक्रार अमुक तारखेला बंद केली, काम झालेलं नाही, आजचा फोटो जोडलाय" एवढं लिहा. हे दोन-तीनदा झालं की वरच्या पातळीवर दिसायला लागतंय.

एकट्यानं करू नका. तुमच्या डब्यातल्या पाच-सहा जणांचा ग्रुप असतोयच, गुड मॉर्निंगचे फोटो टाकायला नसतोय का, त्यात एक साधी यादी ठेवा, जागा, तारीख, नंबर, झालं का नाही. प्रत्येकानं एकेक गोष्ट अंगावर घ्यायची, एक नळाच्या मागं, एक दिव्याच्या, एक पाटीच्या.

तरीसुद्धा हलत नसेल तर माहिती अधिकार. २००५ चा कायदा आहे, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरनं घरबसल्या करता येतोय, मध्य रेल्वेचा पुणे विभाग आपल्याला लागतोय. ३० दिवसात उत्तर द्यायचं असतंय. पण प्रश्न कसे विचारायचे याला महत्त्व आहे. "साफसफाई का होत नाही?" असं विचारलं तर कारण सांगणं कायद्यात बसत नाही म्हणून उत्तर टाळता येतंय. कागद मागा:

या स्टेशनच्या साफसफाईच्या चालू कंत्राटाची आणि कामाच्या व्याप्तीची प्रत द्या. दिवसातनं किती वेळा कोणती जागा साफ करायची ठरलंय ते दाखवणारं पान द्या. मागच्या १२ महिन्यात कंत्राटदाराच्या बिलातनं दंड कापला असेल तर महिन्यावार रक्कम द्या. स्टेशन इमारत आणि प्लॅटफॉर्मच्या भिंतींना शेवटचा रंग कधी दिला, त्याच्या नोंदीची प्रत द्या.

यातला दंडाचा प्रश्न सगळ्यात कामाचा. कंत्राटात काम झालं नाही तर पैसे कापायची अट असते, आणि तुमच्या १० तक्रारी असून महिनोन्महिने एक रुपया कापला नसेल तर तो कागद घेऊन तुम्ही डीआरएम ऑफिसला, खासदारांकडं, प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्याकडं जाऊ शकताय. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तो एक कागद भारी पडतोय. प्रती मिळायला पानाला २ रुपये लागत्यात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसात पहिलं अपील, त्याला पोर्टलवर फी नाही.

बायकापोरींची नावं आणि नंबर

हे वेगळं सांगतोय कारण याला चार दिवस पण थांबायचं नाही. मुतारीच्या भिंतीवर, जिन्याखाली, बाकड्याच्या मागं कुठल्यातरी पोरीचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेला असतोय. त्या घरात काय चाललं असेल याचा विचार करा, अनोळखी माणसांचे रात्री-बेरात्री फोन, आणि पोरगीला घरातनंच बोलणी. दिसलं की एक फोटो पुराव्यासाठी काढा, आणि लगेच तो नंबर वाचता येणार नाही असा करा, मार्करनं शेवटचे चार आकडे गिरगटून टाका, ओल्या फडक्यानं पुसा, जे हाताशी असेल ते. मग १३९ वर सांगा, जीआरपी जवळ असेल तर तिथं जाऊन सांगा. तो फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, "बघा काय लिहिलंय" म्हणून पण नाही, कारण भिंतीवर चाळीस जणांनी वाचलं असतं ते ग्रुपवर चार हजार वाचत्यात. आणि त्या नंबरावर स्वतः फोन करून "तुमचा नंबर इथं लिहिलाय" असं सांगायला जाऊ नका, तिला आधीच तसले फोन पुरे झालेले असत्यात, ते काम पोलिसांना करू द्या.

स्वतः साफ करायचं असेल तर

गाडगेबाबांच्या नावानं श्रमदान करणारी मंडळं आपल्याकडं गावोगाव आहेत, उत्साहाची कमी नाही. पण रेल्वेच्या जागेत परवानगीशिवाय रंगाचा डबा घेऊन जायचं नाही. अर्ज डीआरएम पुणे यांच्या नावे, स्टेशन मास्तरांच्या मार्फत, त्यात तारीख, वेळ, किती माणसं, कोणती जागा, काय साहित्य आणणार आणि जबाबदार माणूस कोण हे लिहा. शक्यतो लेखी परवानगी घ्या.

सुरक्षेचं आधी. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असत्यात. लोखंडी शिडी, लांब पाईप, पाण्याचा फवारा वर उडवणं, यातलं काही नाही. प्लॅटफॉर्मच्या कडेला पाठ करून काम करायचं नाही, आणि एक माणूस फक्त गाडीकडं लक्ष ठेवायला ठेवा, त्याच्या हातात फडकं पण देऊ नका.

आता डाग. कशावर आहे ते बघून ठरवायचं, इथं बरीच मंडळी चांगल्या मनानं वाटोळं करत्यात. स्टील किंवा चकचकीत टाइलवर मार्कर असेल तर करोनापासनं घराघरात पडलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर सुती फडक्यावर घेऊन चोळा, निघतोय, मग साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या. टाइलवर ऑइलपेंट असेल तर थिनर, हातात मोजे घालून, मोकळ्या हवेत, आणि जवळपास कुणी बिडी ओढत नाही ना बघून. कागदी पोस्टर खळीनं चिकटवलेलं असेल तर ओढू नका, पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. स्टिकरचा चिकटपणा थोडं गोडेतेल लावून ठेवलं की सुटतोय.

रंगवलेल्या भिंतीवरचा मार्कर पुसायच्या नादाला लागू नका, रंग निघून भलामोठा पांढरा डाग पडतोय. तिथं रंगच द्यावा लागतोय, पण थेट डिस्टेंपर मारला तर थोड्या दिवसात आतली शाई परत वर येते, एक हात मारा नाहीतर तीन. आधी डाग दाबणारा ऑइल बेस प्रायमर, तो पूर्ण वाळला की मग रंग. आणि सगळी भिंत नाही रंगवली तरी चालतंय, पण चौकोन नीट कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत घ्या, मधेच ठिगळ दिसलं की पोरांना ते लिहायला नवीन पाटी वाटते.

काळ्या दगडाचं बांधकाम असेल तर मात्र हात आखडता घ्या. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, वरनं ऑइलपेंट तर अजिबात नाही. कितीतरी जुन्या देवळांचे आणि वाड्यांचे दगड आपण असेच रंग फासून घालवलेत. साधं पाणी, साबण, नायलॉनचा मऊ ब्रश, एवढ्यानं निघेल तेवढं काढा, स्प्रेपेंट असेल तर जाणकार माणसाशिवाय शिवू नका. किल्लीनं कोरलेलं तर घासून निघणारच नाही, बाकडं पॉलिश करून द्या किंवा बदला अशी तक्रार करा.

गुटख्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१२ पासनं बंदी आहे आणि भिंती सगळं सांगत्यात. ताजा डाग नुसत्या पाण्यानं आणि साबणानं जातोय, त्यात कात असतोय तो वाळून मुरला की अवघड, म्हणून रोज पाणी मारणं हाच उपाय. जुन्या डागाला सिमेंटवर किंवा टाइलवर ब्लीचिंग पावडरचं पाणी लावा, मोजे आणि मास्क घालून. आणि हे ठळक लक्षात ठेवा, ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही, एकावर एक पण ओतायचं नाही, त्यातनं क्लोरीन वायू निघतोय, बंद मुतारीत माणूस जागेवर गुदमरतोय.

परत लिहू नये म्हणून

अंधारातला कोपरा आधी उजेडात आणा, बंद दिव्याची तक्रार ही लिखाणाच्या तक्रारीइतकीच महत्त्वाची. लिखाण झालं की लगेच पुसा, हे परत सांगतोय. देवांच्या फोटोच्या टाइल्स लावायला माझा विरोध आहे, थुंकणारा दोन फूट बाजूला थुंकतोय आणि शिंतोडे देवावर, आणि सगळ्या धर्मांचे फोटो एका मुतारीच्या भिंतीवर लावायचे हे मनाला पटत नाही.

चित्रं मात्र उपयोगी पडत्यात. आपल्याच राज्यात चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्टेशनं ताडोब्याच्या जंगलाच्या आणि आदिवासी कलेच्या चित्रांनी सजवली आणि २०१८ ला रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत देशात पहिला नंबर आला, मधुबनीसारख्या चित्रकलेच्या गावाचं स्टेशन दुसऱ्या नंबरावर होतं. मग आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरला हे अवघड आहे का? इथं कलेची कॉलेजं आहेत, गल्लोगल्ली बोर्ड रंगवणारे हात आहेत. रुकडीच्या भिंतीवर पंचगंगेचा पूल, हातकणंगल्याला यंत्रमाग, वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडची हजारो बायकापोरं इथल्या छावणीत राहिली होती त्याचं चित्र, कुस्तीचा आखाडा, गुऱ्हाळ, चपला शिवणारे हात. फक्त विषय गावातल्या लोकांना विचारून ठरवा आणि ज्या शाळा-कॉलेजची पोरं त्या स्टेशनावर उतरत्यात त्यांनाच ब्रश द्या, स्वतः रंगवलेल्या भिंतीवर आणि मित्रानं रंगवलेल्या भिंतीवर सहसा कोण लिहीत नाही. कुठल्या नेत्याचा फोटो, कुठल्या मंडळाचा लोगो नको, एकाचा आला की दुसऱ्याचा येतोय आणि महिन्यात परत पोस्टरची भिंत होते.

लिहिताना कुणी सापडला तर काय? कायदा आहे, रेल्वेच्या २०१२ च्या स्वच्छतेच्या नियमांत थुंकणं, कचरा टाकणं, परवानगीशिवाय लिहिणं, चित्र काढणं, पोस्टर लावणं याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि रेल्वेची पाटी खराब केली तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६६ खाली कैदेचीपण तरतूद आहे. क्लासवाले, प्लॉटवाले, बाबाबुवा यांचे स्टिकर असतील तर मला दयामाया नाही, त्यावर त्यांचाच फोन नंबर असतोय, फोटो काढून आरपीएफला द्या, वेगळा पुरावा शोधायची गरजच नाही. पण बारावीचं पोरगं असेल तर मारू नका, व्हिडिओ काढून स्टेटसला लावू नका. हातात फडकं द्या, सॅनिटायझर द्या, त्याच्याकडनंच पुसून घ्या, शेजारी उभं राहून. नाव विचारलं तरी ते घरी सांगायचं नाही असा शब्द द्या आणि पाळा. पुढच्या रंगकामाला त्याला बोलवा, येतंय पोरगं, खरंच येतंय.

रंगकामाची वेळ पण सांगून ठेवतो. आपल्याकडचा पाऊस बघता जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला रंग लावू नका, ओल असते, पोपडे येत्यात. पावसाळ्यात शेडची गळती, तुंबलेलं ड्रेनेज आणि प्लॅटफॉर्मवर वाढणारं काँग्रेस गवत यांच्या तक्रारी करा, कारण गळती पावसातच दिसते आणि फोटोपण तेव्हाच मिळतोय. परवानगीचा अर्ज गणपतीच्या आधी टाकून ठेवा, कागद पुण्याला जाऊन यायला वेळ लागतोय, आणि रंग दसरा झाल्यावर, भिंत चांगली वाळली की.